आकडा आहे, नाव नाही : न निघणाऱ्या व्हॉल्यूमचा इतिहास

सर्व्हर सांभाळणाऱ्यांना कधी ना कधी एक छोटं वाक्य वाचावं लागतं : 'लॉजिकल व्हॉल्यूम वापरात आहे.' प्रसंग बहुधा ठरलेला असतो. डिस्क भरत आलेली असते. जुन्या कामाचा एक व्हॉल्यूम नुसता पडून असतो. ज्यांच्यासाठी तो केला ती माणसं केव्हाच दुसरीकडे गेलेली असतात. बॅकअप झालेला असतो, परवानग्या मिळालेल्या असतात. मग 'एलव्हीरिमूव्ह' ही व्हॉल्यूम काढून टाकण्याची आज्ञा दिली जाते आणि लिनक्स ती मानत नाही. खोदून विचारलं तर एक आकडा मिळतो : 'ओपन काउंट १'. म्हणजे कोणीतरी हा व्हॉल्यूम धरून बसलं आहे. कोण, ते मात्र आकडा सांगत नाही.

यंत्राला संख्या माहीत आहे आणि नाव माहीत नाही, हे जरा विचित्रच. आपल्याकडे सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' असा रकाना असतो. जमिनीवर बोजा असेल तर तो कोणाचा, हे तिथे लिहिलेलं असतं. 'या जमिनीवर एक बोजा आहे, पण कोणाचा ते आम्ही लिहून ठेवत नाही' असं तलाठ्याने सांगितलं तर आपण त्याच्याकडे बघत राहू. व्हॉल्यूमच्या बाबतीत मात्र हेच घडतं. आणि हे कोणाच्या हलगर्जीपणामुळे झालेलं नाही. संगणकाच्या इतिहासात हा निर्णय जाणूनबुजून, चांगल्या कारणासाठी घेतला गेला. त्याची किंमत आजही रात्री अकरा वाजता सर्व्हरसमोर बसलेला माणूस मोजतो.

डिस्क एक, नकाशे अनेक

आधी व्हॉल्यूम 'लॉजिकल' कसा झाला ते पाहू. १९५६ साली आयबीएमने ३५० नावाचं डिस्कयंत्र आणलं. दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या आणि त्यांवर मिळून पन्नास लाख अक्षरं. तेव्हा डिस्क ही एक वस्तू होती आणि ती हाताने दाखवता यायची. पुढे डिस्का लहान आणि त्यांची क्षमता मोठी होत गेली, तसे एकाच डिस्कचे भाग पाडायची पद्धत आली. १९८३च्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये दहा एमबीची डिस्क होती आणि तिच्या सुरुवातीच्या तक्त्यात चार भागांची, म्हणजे पार्टिशनांची, नोंद करायची सोय होती.

पार्टिशन म्हणजे डिस्कवरचा सलग पट्टा. अडचण या सलगपणातच होती. एक भाग भरला आणि शेजारचा रिकामा असला तरी मधली भिंत सहज सरकवता येत नसे. दोन डिस्का मिळून एक मोठी जागा करायची तर तेही अवघड. घरच्या संगणकावर हे चालून जातं. बँकेचा किंवा कारखान्याचा सर्व्हर मात्र दर वेळी बंद ठेवून भिंती पाडत बसणं परवडत नाही.

यावर मोठ्या कंपन्यांनी आपापल्या युनिक्समध्ये उपाय शोधले. १९९० साली आयबीएमच्या आरएस/६००० यंत्रांबरोबर आलेल्या एआयएक्सच्या तिसऱ्या आवृत्तीत लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर होता. ह्यूलेट-पॅकार्डच्या एचपी-यूएक्समध्येही तो आला. कल्पना सरळ आहे : सगळ्या डिस्कांचे सारख्या आकाराचे छोटे तुकडे करायचे, ते एका सामाईक साठ्यात टाकायचे आणि ज्याला जेवढी जागा हवी तेवढे तुकडे द्यायचे. तुकडे शेजारी-शेजारी असण्याची गरज नाही, एकाच डिस्कवर असण्याचीही नाही. कोणता तुकडा कुठे आहे याचा एक नकाशा ठेवला की झालं. १९९८ साली हाइन्झ माउल्सहागेन यांनी एचपी-यूएक्सचा नमुना समोर ठेवून लिनक्ससाठी असा व्यवस्थापक लिहिला आणि २००१च्या जानेवारीत आलेल्या लिनक्स २.४ मध्ये तो गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, भाग होता. आजच्या लिनक्समध्ये वेगळं काही सांगितलं नाही तर एक तुकडा चार एमबीचा असतो.

म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम हा मुळात एक नकाशा आहे. तो काढून टाकतो तेव्हा डिस्कवरचा मजकूर पुसला जात नाही, नकाशातली नोंद पुसली जाते. तुकडे मोकळे झाल्याचं जाहीर होतं आणि पुढे जो जागा मागेल त्याला ते मिळतात. आता समजा, जुना व्हॉल्यूम कोणीतरी अजून वापरत होतं आणि आपण तो तसाच काढला. जुन्या वापरकर्त्याची मेमरीत साठलेली माहिती काही सेकंदांनी डिस्कवर उतरणार. तोवर तेच तुकडे नव्या व्हॉल्यूमला दिले गेले असतील तर ती माहिती थेट नव्या मालकाच्या डेटाबेसवर जाऊन पडेल. चूक लगेच दिसणार नाही. कदाचित महिन्याने, हिशेब जुळेना तेव्हा दिसेल. 'वापरात आहे' हा नकार या अपघाताच्या आड उभा असतो.

मोजायचं की माग काढायचा

वापरात आहे हे यंत्राला कळतं कसं? हा प्रश्न डिस्कांच्या आधी मेमरीच्या संदर्भात विचारला गेला. एकच वर्ष, १९६०, आणि एकाच नियतकालिकात, 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम'मध्ये, त्याला दोन उत्तरं छापली गेली. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेवरच्या निबंधात सुचवलं की, मेमरी कमी पडली की मुळापासून निघावं, एकेक दुवा धरत सगळीकडे जावं आणि जिथे पोचता आलं नाही ते रद्दी समजावं. जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरा मार्ग सांगितला. प्रत्येक वस्तूजवळ एक आकडा ठेवा. नवा वापरणारा आला की एक वाढवा, गेला की एक कमी करा. आकडा शून्य झाला की वस्तू मोकळी.

मॅकार्थींच्या पद्धतीत कोण कोणाला धरून आहे हे प्रत्यक्ष फिरून पाहिलं जातं, पण त्यासाठी काम थांबवून सगळी मेमरी पालथी घालावी लागते. कॉलिन्स यांच्या पद्धतीत काम थांबत नाही. एक अधिक, एक उणे, एवढाच खर्च. कोण आलं आणि कोण गेलं याची यादी ठेवायची तर जागाही लागेल आणि वेळही. ज्या काळात मेमरीचा एकेक शब्द जपून वापरायचा, त्या काळात यादीचा विचारही चैनीचा होता. आणि 'काढू का?' या प्रश्नाचं उत्तर द्यायला यादी लागतही नाही. आकडा शून्य आहे की नाही एवढंच पुरतं.

पाटी काढली तरी बिऱ्हाड आत

१९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं काम सुरू केलं. त्यात फाइलीसाठी दोन आकडे आले. एक डिस्कवर राहतो : या फाइलीला किती नावं आहेत. दुसरा मेमरीत राहतो : ती आत्ता कितीजणांनी उघडली आहे. फाइल 'डिलीट' केली की फक्त नाव जातं. ती कोणी उघडून बसलं असेल तर मजकूर जागच्या जागी राहतो आणि शेवटच्या वापरकर्त्याने ती बंद केली की मगच जागा मोकळी होते. दारावरची पाटी काढली तरी आतलं बिऱ्हाड आपल्या सवडीने निघतं. भलीमोठी लॉग फाइल पुसूनही डिस्क रिकामी का होत नाही, या नेहमीच्या कोड्याचं उत्तर हेच.

आख्ख्या डिस्कच्या बाबतीत मात्र ही सवलत युनिक्सने दिली नाही. १९७५च्या सहाव्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये चुकांच्या यादीत सोळाव्या क्रमांकावर 'ईबिझी' आहे. डिस्क माउंट केलेली असताना पुन्हा माउंट करू पाहिलं, किंवा तिच्यावरची एखादी फाइल उघडी असताना, कोणाचं काम तिच्यावरच्या फोल्डरमध्ये चालू असताना ती उतरवू पाहिली, तर हा नकार. पन्नास वर्षं होऊन गेली. लिनक्समध्ये हा क्रमांक आजही सोळाच आहे.

फाइलीला सवड आणि डिस्कला नकार, हा भेद का? फाइल पुसली तरी तिच्यामागे फाइलसिस्टिम उभी असते. उरलेला हिशेब तिला मिटवता येतो. डिस्क त्या काळी माणूस खरोखर उचलून बाजूला ठेवायचा. ती गेल्यावर हिशेब मिटवायला मागे कोणी उरत नाही. लॉजिकल व्हॉल्यूम उचलून नेता येत नाही, पण फाइलसिस्टिमच्या नजरेत तो डिस्कच आहे. म्हणून त्याच्याकडे डिस्कचाच नियम आला.

थरावर थर

लिनक्समधला पहिला व्यवस्थापक फार दिवस टिकला नाही. तो लिहिणारे माउल्सहागेन मिनिअ‍ॅपोलिसच्या सिस्टिना सॉफ्टवेअर या कंपनीत होते. तिथेच जो थॉर्नबर यांनी नवी मांडणी केली. कर्नलमध्ये फक्त नकाशा चालवणारं छोटं यंत्र ठेवायचं, 'डिव्हाइस मॅपर'. गट, नावं, नियम हा सगळा व्यवहार बाहेरच्या प्रोग्रामांनी बघायचा. त्याच वेळी आयबीएमच्या गटाने 'ईव्हीएमएस' नावाची कितीतरी मोठी व्यवस्था तयार केली होती. ऑक्टोबर २००२ मध्ये डिव्हाइस मॅपर लिनक्समध्ये घेतला गेला. पुढच्याच महिन्यात ईव्हीएमएसच्या गटाने जाहीर केलं की, आपण कर्नलमधला आपला भाग सोडून देऊ आणि आपली साधनं डिव्हाइस मॅपरवर उभी करू. वर्षांची मेहनत अशी समजुतीने बाजूला ठेवल्याची उदाहरणं या क्षेत्रात थोडी आहेत. डिसेंबर २००३ मध्ये लिनक्स २.६ आलं आणि त्याच महिन्यात रेड हॅटने सिस्टिना विकत घेत असल्याचं जाहीर केलं.

डिव्हाइस मॅपरची ताकद अशी की एका नकाशावर दुसरा नकाशा ठेवता येतो. व्हॉल्यूमवर कूटबद्ध व्हॉल्यूम, त्यावर फाइलसिस्टिम. किंवा व्हॉल्यूमची स्नॅपशॉट प्रत. प्रत्येक थर खालच्या थराला धरून असतो आणि खालच्याचा ओपन काउंट वाढवतो. पण हा आकडा फसवा असतो. व्हॉल्यूम माउंट केला की आकडा एकाने वाढतो, मग त्यावर एक फाइल उघडी असो की हजार. आणि तो 'एक' माणसाचा आहे, प्रोग्रामचा आहे की दुसऱ्या नकाशाचा, हे त्याच्यावरून कळत नाही.

नावं शोधायची साधनं

आकड्यावर भागत नाही म्हटल्यावर नावं शोधायची साधनं आली. सिस्टिम फाइव्ह परंपरेतल्या युनिक्सवर 'फ्यूजर' होतं. ही फाइल किंवा ही फाइलसिस्टिम कोणकोणते प्रोग्राम वापरत आहेत, ते ते सांगे. १९८४ साली टॉम किलियन यांनी चालू प्रोग्रामच फाइलींसारखे दिसावेत अशी 'प्रॉक' नावाची सोय मांडली. पर्ड्यू विद्यापीठातले व्हिक एबल यांनी 'एलएसओएफ' लिहून अनेक जातींच्या युनिक्सवर वर्षानुवर्षं चालतं ठेवलं. उघड्या फाइलींची यादी देणं हे त्याचं काम.

ही साधनं करतात काय? एकेका प्रोग्रामकडे जाऊन 'तुझ्या हातात काय आहे' असं विचारत फिरतात. म्हणजे हा मॅकार्थींचाच मार्ग. कर्नलने कॉलिन्स यांच्या पद्धतीने आकडा ठेवला आणि नाव हवं झालं की माणसाने मॅकार्थींच्या पद्धतीने माग काढत जायचं, अशी ही कामाची वाटणी आहे.

म्हणून न निघणाऱ्या व्हॉल्यूमचा शोध वरून खाली घ्यावा लागतो. तो कुठे माउंट आहे का? स्वॅप म्हणून जोडला आहे का? माउंट असेल आणि उतरत नसेल तर एखादा प्रोग्राम, किंवा त्या फोल्डरमध्ये उभी राहिलेली एखादी टर्मिनल खिडकी त्याला धरून आहे का? हे फ्यूजर आणि एलएसओएफ सांगतात. तिथे काही मिळालं नाही तर नजर प्रोग्रामांवरून नकाशांकडे वळवायची. लिनक्स २.६ बरोबर आलेल्या 'सिसएफएस'मध्ये प्रत्येक डिस्कखाली 'होल्डर्स' नावाचा फोल्डर असतो. वरचा कोणता थर या डिस्कला धरून आहे, त्याचं नाव तिथे असतं. अखेर 'इतर अधिकार'चा रकाना आला, पण थरांपुरताच.

या रकान्यात सापडणारा एक नेहमीचा गुन्हेगार आभासी यंत्रांचा आहे. यजमान सर्व्हरने आपला एक व्हॉल्यूम आभासी यंत्राला डिस्क म्हणून दिला. त्या यंत्राने आतमध्ये स्वतःचे लॉजिकल व्हॉल्यूम केले. यजमान पुढे कधीतरी रीबूट झाला. चालू होताना त्याने सगळ्या डिस्का चाळल्या, त्यात पाहुण्याचे आतले व्हॉल्यूम दिसले आणि त्याने ते आपलेच समजून चालू केले. पाहुणं यंत्र बंद करूनही यजमानाचा व्हॉल्यूम निघत नाही, कारण त्याला यजमान स्वतःच धरून बसलेला असतो. एलएसओएफमध्ये काही दिसत नाही, होल्डर्समध्ये दिसतं. आतले व्हॉल्यूम आधी निष्क्रिय केले की बाहेरचा निघतो. नंतरच्या आवृत्त्यांत व्हॉल्यूमच्या आत व्हॉल्यूम शोधायचेच नाहीत, असं मूळ सेटिंग झालं ते याच त्रासामुळे.

आणि कधी या रकान्यातही नाव नसतं. कर्नल स्वतः आयस्कझी टार्गेट म्हणून व्हॉल्यूम दुसऱ्या यंत्राला पुरवत असेल, किंवा त्यावरची फाइलसिस्टिम एनएफएसवरून वाटत असेल, तर मध्ये कोणताही प्रोग्राम नसतो. घरोघर विचारत फिरलं तरी कोणी कबूल होणार नाही, कारण धरणारा म्हणजे खुद्द कर्नल. अशा वेळी त्या-त्या सेवेच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहण्यावाचून उपाय नाही.

नजरेआड

नकाराला कंटाळून काही सोयी झाल्या आणि त्यांनीच पुढचे शोध अवघड केले. २००१ साली लिनक्स २.४.११ मध्ये 'लेझी अनमाउंट' आलं. त्यात फाइलसिस्टिम नावांच्या झाडावरून ताबडतोब उतरते, खरी बंद होते ती शेवटचा वापरकर्ता गेल्यावर. म्हणजे फाइलीची जुनी सवलत आता डिस्कलाही मिळाली. पण माउंटच्या यादीत आता ती दिसत नाही आणि आकडा एकावरच राहतो. नकार ऐकून चिडलेल्या माणसाने दिलेली ही आज्ञा बहुधा पुरावाच नाहीसा करते.

२००२च्या लिनक्स २.४.१९ मध्ये 'माउंट नेमस्पेस' आले. प्रत्येक प्रोग्रामसमूहाला माउंटची स्वतंत्र यादी मिळू लागली. २०१३ साली डॉकर आलं आणि हे तंत्र घरोघर पोचलं. एखादा कंटेनर सुरू होताना यजमानाच्या माउंटची प्रत घेतो. यजमानाने आपल्याकडून व्हॉल्यूम उतरवला तरी कंटेनरच्या यादीत तो राहतोच. यजमानाच्या यादीत शोधून उपयोग नाही. प्रॉकमध्ये जाऊन प्रत्येक प्रोग्रामची स्वतःची माउंट यादी चाळली की तिथे नाव सापडतं.

तिसरा धरणारा क्षणभराचा असतो. डिस्कांवर लक्ष ठेवणारं 'युडेव्ह' कोणताही बदल झाला की डिस्क उघडून आत काय आहे ते पाहतं आणि लगेच मिटतं. नेमक्या त्याच क्षणी काढण्याची आज्ञा आली तर नकार मिळतो आणि दुसऱ्यांदा दिली की काम होतं. यासाठी एलव्हीएमने स्वतःच काही सेकंद पुन्हापुन्हा प्रयत्न करायची सोय ठेवली आहे. दुसऱ्या खेपेला निघालेल्या व्हॉल्यूममध्ये गूढ असं काही नसतं.

जबरदस्ती आणि रीबूट

डिव्हाइस मॅपरला जबरदस्तीही करता येते. 'फोर्स' म्हटलं की तो व्हॉल्यूमचा नकाशा बदलून असा ठेवतो की पुढचं प्रत्येक वाचन आणि लेखन चूक म्हणून परत यावं. तुकडे सुरक्षित राहतात, कारण जुन्या वापरकर्त्याचं लिखाण आता त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. मात्र त्याच्या मेमरीत जे उतरायचं राहिलं होतं ते गेलंच. सौम्य उपाय २०१४च्या लिनक्स ३.१३ मध्ये आला : आत्ता फक्त नोंद करा, शेवटचा वापरकर्ता गेला की आपोआप काढा.

सगळ्यात लोकप्रिय उपाय अर्थातच रीबूट. तो चालतो याचं कारण ओपन काउंट फक्त मेमरीत असतो. वीज गेली की तोही गेला. व्हॉल्यूमचा नकाशा मात्र डिस्कवर, साध्या वाचता येण्याजोग्या मजकुरात लिहिलेला असतो आणि बदलण्याआधीच्या त्याच्या प्रती सर्व्हरवर जपल्या जातात. चुकून काढलेला व्हॉल्यूम, त्याचे तुकडे अजून कोणाला दिले गेले नसतील, तर या प्रतीवरून परत मिळू शकतो. पण रीबूटने 'कोण?' या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, प्रश्नच पुसला जातो. पाहुण्या यंत्राच्या उदाहरणात तर रीबूटनंतर यजमान तेच व्हॉल्यूम पुन्हा धरून बसतो, कारण गोंधळ रीबूटमध्येच सुरू झाला होता. आणि धरणारा खरा असेल, म्हणजे कागदोपत्री बंद झालेल्या कामाचा रोज रात्री चालणारा एखादा प्रोग्राम त्या व्हॉल्यूमवर लिहीत असेल, तर त्याची दखल घेण्याची शेवटची संधी तो नकार देत होता.

१९६० साली मेमरी महाग होती म्हणून नावं लिहिली गेली नाहीत. आज मेमरी स्वस्त आहे, तरी आकडाच आहे, कारण दर सेकंदाला हजारो वेळा होणाऱ्या उघडमिटीची यादी ठेवणं अजूनही महागच पडतं. त्यामुळे नाव शोधायचं काम माणसाकडेच राहिलं आहे. ते पाच मिनिटांचंही असेल किंवा आख्ख्या रात्रीचंही. त्या रात्री वाचवला जातो तो डेटा बहुधा अशा कोणाचा तरी असतो, ज्याला हे सगळं घडल्याचा पत्ताही लागत नाही.